सण, शीण आणि विसावा



संतसज्जन वाचकहो, कोजागिरी झाली म्हणजे गावोगावच्या देवळांत काकड्याला आरंभ होतो. पहाटेच्या थंडीत टाळ वाजू लागतात, आणि त्याच सुमारास घरोघरी दुसरीही एक गडबड सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, भिंती झाडल्या जातात, याद्या होतात, आणि यादीबरोबर कपाळाला आठ्याही येतात. या दिवसांत कीर्तनानिमित्त आमचे चार गावी जाणे होते, चार घरी उतरणे होते. "काय, दिवाळी कशी काय?" असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते, "होईल एकदाची, बुवा!" होईल एकदाची! जणू कोर्टाची तारीखच आहे. लहानपणी सण यावा म्हणून आम्ही बोटे मोजत होतो. आज सण जावा म्हणून थोर माणसे बोटे मोजतात. हे असे का झाले, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

नेहमीप्रमाणे निरूपणास अभंग घेतलेला नाही. आज एक शब्दच घेतला आहे, आणि तो शब्द "सण" हाच.

पाठशाळेत असताना आम्हाला अमरकोश मुखोद्गत करावा लागे. गुरुजी पहाटे उठवीत, आणि अर्थ कळो वा न कळो, म्हणून घेत. तेव्हा जे नुसते घोकले, ते साठीनंतर उमगू लागले आहे. आपला मराठी "सण" हा मूळ संस्कृत "क्षण". प्राकृतात तो "छण" झाला आणि मराठीत "सण" म्हणून नांदू लागला. या क्षण शब्दाचे अमरकोशकारांनी तीन अर्थ दिले आहेत. एक अर्थ, काही व्यापार हाती नसलेली मोकळी स्थिती, म्हणजे विसावा. दुसरा, काळाचे एक लहानसे माप. तिसरा अर्थ, उत्सव. आता गंमत पाहा. आपण तिसरा अर्थ तेवढा घट्ट धरला आणि पहिले दोन सोडून दिले. विसावा गेला, लहानपण गेले; मग उरला तो उत्सव नव्हे, उरला तो शीण.

हे आम्ही लोकांना सांगत आहोत खरे. पण आधी आमच्या घरचे सांगितले पाहिजे. बुवाने दुसऱ्याच्या घरचे दाखले द्यावे आणि आपले झाकून ठेवावे, ही रीत बरी नव्हे.

काही वर्षांमागची गोष्ट. आमच्या मुलीचा दिवाळसण होता. जावईबापू प्रथमच दिवाळीला यावयाचे. आम्ही कीर्तनकार, शेत थोडे, त्यातले अर्धे पावसाच्या स्वाधीन. तरीही "लोक काय म्हणतील" या एका वाक्याने आम्हाला असे पछाडले की, एका ओळखीच्या गृहस्थाकडून वीस हजार रुपये उसने घेऊन जावयाला अंगठी केली. घरात विचारले नाही. वसुबारसेला सकाळी शेजारच्या गावी कीर्तन होते. विषय कोणता घेतला होता, ठाऊक आहे का? आनंद! दोन तास आम्ही आनंदावर बोललो. माणसे डोलली, माना हलल्या, आम्हीही मनातून सुखावलो.

घरी आलो, तो स्वयंपाकघरात धूर. आमच्या सौभाग्यवती चार दिवस फराळाच्या मागे होत्या. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, शंकरपाळे झाले. अनारसे मात्र हसत होते. भगिनींना सांगावयास नको, पुरुषांसाठी सांगतो. पिठात गूळ जरा अधिक झाला की अनारसा तुपात पडल्याबरोबर विरघळून पसरतो, त्याला अनारसा हसला असे म्हणतात. त्या दिवशी आमच्या घरात हसत होते ते फक्त अनारसे. आम्ही कढईत डोकावलो आणि आवाज चढवून म्हणालो, "हे जावयापुढे ठेवणार काय?" त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे टिपले आणि दुसरा घाणा सोडला.

आमच्या मातोश्री तेव्हा होत्या. ऐंशी वर्षांच्या, दारात वाती वळत बसलेल्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "अरे, दोन तास आनंद वाटून आलास म्हणे. घरच्यासाठी पसाभर तरी ठेवायचा होतास!"

बोलणे झोंबले, पण सुधारणा झाली नाही. माणूस शब्दाने कुठे सुधारतो? पाडव्याच्या सकाळी सौभाग्यवती आम्हाला ओवाळावयास उभ्या राहिल्या. हातात तबक, निरांजन लावलेले. आणि उभ्या उभ्याच त्यांचे डोळे फिरले. तबक खाली पडले, निरांजन विझले, त्या जमिनीवर आल्या. मुलीने धावत येऊन डोके मांडीवर घेतले. डॉक्टर आले. त्यांनी तपासले आणि विचारले, "यांनी पोटभर जेवण कधी केले होते? रात्रीची झोप किती?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याच घरात आम्ही राहत होतो, त्याच पंक्तीला जेवत होतो. पण वाढणारी केव्हा जेवते, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

दुपारी मुलगी आमच्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "अण्णा, अंगठीचे मला कळले. कशाला केलीत? मी काय घ्यायला येते का माहेरी? मी येते ती निजायला. सासरी सगळे चांगले आहेत, पण तिथे उशिरापर्यंत निजता येत नाही. इथे आले तर आईच पडली."

वाचकहो, "मी येते ती निजायला," हे त्या लेकीचे वाक्य ऐकले आणि पाठशाळेतला क्षण शब्दाचा पहिला अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला. माहेर म्हणजे विसावा. आपण वारकरी पंढरीला माहेर म्हणतो. का म्हणतो? तेथे आहेर मिळतो म्हणून नव्हे. तेथे गेल्यावर कोणी हिशेब विचारीत नाही, पाठीवरचे ओझे खाली ठेवता येते, म्हणून म्हणतो. मग ज्या सणाला आपण लेकीला माहेरी बोलावतो, त्या सणाचे आपण सासर का करून ठेवावे?

त्या वर्षी सौभाग्यवतींना बरे वाटल्यावर आम्ही कार्तिकीला गेलो, पण मन थाऱ्यावर नव्हते. एकादशी झाली, बारस सुटली, तरी पाय निघेना. तेव्हा यात्रा सरल्यावर होणारी प्रक्षाळपूजा पाहिली. ही पूजा लहानपणापासून ठाऊक होती; पण ठाऊक असणे वेगळे आणि कळणे वेगळे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढून ठेवतात. भक्तांना दर्शन मिळावे म्हणून रात्रंदिवस दार उघडे. देवाला शेजारती नाही, निद्रा नाही. लाखो माथी पायांवर पडतात आणि देव विटेवर उभाच. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री मसाल्याच्या काढ्याचा नैवेद्य दाखवतात. कशासाठी? तर देवाचा शीण जावा म्हणून. मग पलंग परत येतो आणि देव निजतो.

आम्ही तेथे उभे होतो आणि मनात आले: अरे, ज्याला श्रम नाहीत असे वेदान्त सांगतो, त्या परब्रह्माच्या पायांना आपल्या वाडवडिलांनी लिंबू-साखर चोळली, आणि जी चार रात्री कढईपुढे बसली, तिला पाणी हवे का, एवढेही आपण विचारले नाही! देवाला सणाचा शीण येतो हे ज्यांना कळते, त्यांना घरच्या माउलीचा शीण कळू नये, ही भक्ती कोणत्या जातीची?

घरी आल्यावर आम्ही एक नेम केला. तो सांगतो, पटला तर घ्यावा.

अखंड हरिनाम सप्ताह आपण सारे करतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पण म्हणून एकच माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहतो काय? राहता येईल काय? पहाऱ्याची पाळी लावतात. एकाची पाळी सरली की दुसरा पुढे होतो, पाया पडतो, आणि वीणा त्याच्या गळ्यात जाते. वीणा अखंड राहते, माणूस मात्र विसावा घेतो. आता दिवाळीकडे पाहा. घराघरांत सणाची वीणा एकाच बाईच्या गळ्यात घातलेली असते, आणि बाकीची मंडळी समोर बसून म्हणतात, "वा, काय सण साजरा झाला!" ते काही चालावयाचे नाही. आमच्या घरी आता पाळी आहे. वसुबारसेच्या आधीच सगळे एकत्र बसतात. कोणते पदार्थ घरी करायचे, कोणते गावच्या बचत गटाच्या बायांकडून आणायचे, कोण झाडणार, कोण तळणार, हे त्याच बैठकीत ठरते. दुपारी जेवणानंतर एक घटका चूल बंद. त्या वेळी कोणी कोणाला हाक मारायची नाही. आणि वाढणारी सगळ्यांबरोबर पानावर बसते. मागून लागेल ते ज्याचे त्याने उठून घ्यावे. अनारसे थापून त्यांना खसखस लावण्याचे काम आमच्याकडे आहे. खरे सांगतो, अजून कधीकधी ते हसतात. आता आम्हीही त्यांच्याबरोबर हसतो.

असो. हा झाला पहिला अर्थ.

दुसरा अर्थ, लहानसा काळ. क्षण म्हणजे लहान. सण मूळचाच लहान आहे. त्याला मोठा करण्याच्या नादात आपण दमतो. वारीला निघताना जाणता वारकरी पडशीत काय भरतो? खांद्याला पेलेल तेवढे. नवखा माणूस पहिल्या वर्षी दोन पिशव्या भरून आणतो आणि दिवेघाटात एक दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. सणाचीही पडशी खांदा पाहून भरावी. शेजाऱ्याच्या अंगणातला आकाशकंदील किती मोठा, हे पाहून आपला घेऊ नये. आपल्या घराचे आढे किती उंच, हे पाहून घ्यावा. हल्ली मोबाईलवर दुसऱ्यांच्या दिवाळीची चित्रे सकाळपासून येऊ लागतात. त्या चित्रांत माणसे नेहमी हसत असतात. अहो, चित्र काढताना कोण रडतो? त्यांच्या कढईतला हसलेला अनारसा चित्रात येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

लहान केल्याने सण उणा होतो, ही समजूत खोटी आहे. २०२० साली महामारी आली. कित्येक पिढ्या पायी चालणारा सोहळा त्या वर्षी चालला नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या बसमधून पंढरीला गेल्या. पुढे त्या वर्षीची कार्तिकीही यात्रेवाचून झाली. लाखो वारकऱ्यांनी घरच्या तुळशीभोवती प्रदक्षिणा घालून वारी केली. वारी बुडाली काय? नाही. डोळ्यांतून पाणी आले, पण नेम मोडला नाही. एक तुळस आणि एक टाळ एवढ्यात पंढरी मावली. मग चार पणत्यांत आपली दिवाळी का मावू नये?

आणि काही घरांत ती चार पणत्यांतच मावते, याचे स्मरण असावे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, कित्येकांची जनावरे गेली, माती वाहून गेली. आणि महिन्याभरात दिवाळी आली. अशा घरी जाऊन "आनंदी राहा" म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. ज्या घरी वर्षात कोणी गेले आहे, तेथेही तसेच. तेथे आनंदाचा उपदेश करू नये; आपल्या डब्यातला फराळ न्यावा, जवळ बसावे, गेलेल्या माणसाची आठवण निघाली तर विषय बदलू नये. आणि ज्याच्यावर प्रसंग आला आहे, त्याने स्वतःवर हसण्याची सक्ती करू नये. एक दिवा देवापुढे लावावा, नाम घ्यावे. त्या वर्षीचा सण तेवढाच, आणि देवाच्या दरबारी तो पुरा भरतो. कोणाची झोप उडाली, अन्न नको झाले, जगणे नकोसे वाटू लागले, असे दिवसामागून दिवस चालले असेल, तर मात्र मनात ठेवू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. ताप आला तर औषध घेतो, तसेच हेही. त्यात भक्तीला कमीपणा नाही.

आता तिसरा अर्थ, उत्सव. या शब्दात "सू" धातू आहे. सू म्हणजे प्रसवणे, जन्म देणे. ज्यातून आनंद जन्माला येतो तो उत्सव. आनंद जन्माला यावा लागतो. तो बाजारातून आणता येत नाही. आणि तो जन्माला येण्याच्या आड काय येते? आमचा अनुभव सांगतो: हिशेब.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. ती वही ठीक. तिच्यात जमाखर्च स्वच्छ असतो. पण प्रत्येकाच्या मनात आणखी एक वही असते. भावाने भाऊबिजेला काय घातले. नणंदेने गेल्या वर्षी साडी कोणती दिली. धाकट्याकडे आई राहिली, मोठ्याकडे का नाही. मुलगा शहरातून आला, तो चार दिवस सासुरवाडीला आणि दोनच दिवस आपल्याकडे. ही वही दिवाळीत उघडते, आणि फराळाच्या ताटावरून भांडणे होतात. वर्षभर न भेटणारी माणसे एकदा भेटतात, तीही थकबाकी वसूल करावयास!

यावर उपाय कोणाला विचारावा? ज्यांच्या घरी खरोखर वही होती, त्यांना विचारावा. आमच्या तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, गुरेढोरे गेली, प्रथम पत्नी गेली, मुलगा गेला. अशा वेळी माणूस येणे असलेली बाकी काखेत घट्ट धरून बसतो. परंपरा सांगते की, तुकोबारायांनी कर्जखते काढली, अर्धी धाकटे बंधू कान्होबा यांना दिली, आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडून दिली. यातला एक बारकावा आम्ही पुष्कळ वर्षांनी पाहिला. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही; बुडवली ती आपली. आपण नेमके उलट करतो. दुसऱ्याने विसरावे, दुसऱ्याने सोडून द्यावे, असा उपदेश करतो आणि आपली खते जपून ठेवतो. धनत्रयोदशीच्या आत आपल्या मनातली निदान एक बाकी इंद्रायणीला द्यावी. जिच्याशी बोलणे बंद आहे त्या बहिणीला, ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्या चुलतभावाला, आपण आधी "रामकृष्णहरी" म्हणावे. कोर्टातला वाद कोर्टात चालो. दारातला दिवा दारात जळो.

आणि सणासाठी कर्ज काढू नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्या वीस हजारांची फेड करता करता आमची पुढची दिवाळी आली. जावईबापू भला माणूस. पुढे एकदा ओशाळून म्हणाले, "मामा, ती अंगठी घालावी तर तुमचा चेहरा आठवतो, म्हणून डबीतच ठेवली आहे." ज्याच्या मनात आनंद यावा म्हणून केले, त्याच्या मनात ओझे ठेवले. एवढाच त्या सोन्याचा उपयोग झाला.

मग करावे काय? फार नाही. वसुबारस ते भाऊबीज, रोज दिवेलागणीला सगळ्या घराने एकत्र बसून हरिपाठ म्हणावा. तेवढा वेळ कढई उतरलेली, मोबाईल कोनाड्यात, आणि घरातली सर्वांत दमलेली व्यक्ती भिंतीला टेकून बसलेली असावी. तिने टाळ वाजवला नाही तरी चालेल. तिला डुलकी लागली तर जागे करू नये. आषाढी एकादशीला निजलेला देव कार्तिकीलाच जागा होतो; चार महिने देव निजलेला आपल्याला चालतो, मग माउली अर्धी घटका निजली तर काय बिघडते?

भाऊबीज सरली की कार्तिकीची वाट दिसू लागते. पडशा निघतील, दिंड्या चालू लागतील. त्या वाटेवर पाय टाकताना मागे वळून घराकडे एकदा पाहावे. दारात निरोप द्यावयास उभी असलेली व्यक्ती थकलेली आहे की प्रसन्न आहे, हे नीट पाहावे. थकलेली असेल, तर वारीला निघण्याआधी घरची प्रक्षाळपूजा राहिली आहे, असे समजावे. ऊन पाणी ठेवावे, काढा करावा, आणि तिला म्हणावे, "आता तू बस."

आमच्या घरी पाडव्याला आता दोन पाट मांडतात. सौभाग्यवती आम्हाला ओवाळतात, मग आम्ही तबक घेतो आणि त्यांना ओवाळतो. शास्त्रात आधार आहे काय, असे एका पंडितमित्राने विचारले. आम्ही म्हणालो, शास्त्र नंतर पाहू. निरांजन विझलेले आम्ही एकदा पाहिले आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!